कोपराला धरून

"आजी, तुम्ही चालत नाही वाटतं?" पडद्यावरची नजर न काढता मशीन तपासणारा गृहस्थ म्हणाला, आणि बाईंना आपण भर वर्गात खोटं बोलताना सापडलो आहोत असं वाटलं.

"चालते की," त्या म्हणाल्या. "रोज चालते. सकाळी आणि संध्याकाळी."

"हे तर म्हणतंय, बसून असता." त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि बोटाने पडद्यावरची रेघ दाखवली. "बघा ना. सगळी सपाट. इथे सकाळी जरा टेकाड आलंय, ते बहुधा तुम्ही दात घासत असाल तेव्हाचं."

भिंतीलगतच्या खुर्चीत बाईंची पिशवी मांडीवर घेऊन नाना बसले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बाईंची पिशवी त्यांनी पूर्वी कधी धरली नव्हती. आता मात्र ती त्यांच्या मांडीला चिकटूनच असे. "मी साक्षीला आहे," ते म्हणाले. "मी स्वतः बरोबर असतो. एक पाऊल एकटीला टाकू देत नाही."

त्या गृहस्थाने पहिल्यांदाच वळून नानांकडे पाहिलं. बाईंना त्या बघण्याचा अर्थ तेव्हा कळला नाही. त्या आपल्याच लाजेत होत्या. सारा जन्म मुलींच्या शाळेत कवायत शिकवण्यात गेला होता. मैदानाला फेऱ्या मारायला सांगितल्यावर पाण्याच्या टाकीमागे बसून राहणाऱ्या आणि मग तोंडावर पाणी मारून, खोटं खोटं धापा टाकत येणाऱ्या मुली त्यांनी किती पकडल्या असतील. घाम कपाळावर येण्याआधी मानेवर येतो, हे त्या मुलींना माहीत नसे. बाई काही न बोलता मुलीच्या मानेला बोट लावत, ते कोरडं बोट तिच्याच डोळ्यांसमोर धरत, आणि मुलगी निमूटपणे पुन्हा पळायला जाई. आता तसंच कोणीतरी बोट लावलं होतं, आणि तेही आतून. कॉलरच्या हाडाखाली, कातडीच्या आत ठेवलेल्या पेसमेकरच्या डबीने वर्षभर मान तपासली होती आणि आज चहाडी केली होती. आणि तरी बाई खरंच चालत होत्या. घराबाहेर मजल्यावरच्या लांब बोळात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नानांच्या हातात डावा कोपर देऊन. पहिल्या वळणालाच दम लागे. छातीत कोणीतरी दार लावून घेतल्यासारखं होई, पायांत शिसं उतरे, आणि नाना म्हणत, "बास आता. उगाच अंगावर काढू नकोस." मग खुर्ची. खुर्चीसमोर खिडकी. खिडकीची खालची कडी काढता येई, वरची नाही. वरच्या कडीला हात पोचवायला तो खांद्याच्या वर न्यावा लागतो.

"जरा बाहेर चालून दाखवा," गृहस्थ म्हणाला. "मला इथे दारात उभं राहूनही सगळं दिसतं."

बाई उठल्या. नाना उठलेच होते. कोपराखाली त्यांचा हात आला, नेहमीसारखा, उबदार आणि जरासा ओलसर. दोघं भिंतीच्या कडेने गेली आणि परत आली. बाकांवरची माणसं पाय आत घेऊन वाट देत होती. बाई परतल्या तेव्हा ओठ कोरडे पडले होते आणि कानांत शीळ वाजत होती.

"काहीच नाही," गृहस्थ पडदा बघत म्हणाला. "मशीनला वाटतंय तुम्ही खुर्चीतच आहात. आजोबा, आता तुम्ही बसा. त्यांना एकट्यांना जाऊ दे."

"पडली तर?"

"तर मी आहे, हे इस्पितळ आहे. पडायला याहून चांगली जागा नाही."

नाना "बसतो" म्हणाले आणि उभेच राहिले. बाई एकट्या निघाल्या. निघाल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की नानांचा हात नाही तरी आपला हात सुटलेला नाही. तो आपण होऊन बरगडीला चिकटून, कोपरात दुमडून, पंजा पोटाशी धरून बसला होता. जणू आत एक अंडं होतं. त्यांनी त्याला सांगून पाहिलं. हात ऐकेना.

गृहस्थाने मग समजावून सांगितलं, दोघांना बसवून, सावकाश. शस्त्रक्रियेत हृदयाची झडप बदलली, त्यानंतर बाईंचे ठोके मागे पडायला लागले, म्हणून ही डबी बसवली. ठोका आता तीच देते. पण कधी जलद द्यायचा, कधी हळू, हे तिला कळायचं कसं? तिला डोळे नाहीत. तिला फक्त अंगाचे हेलकावे कळतात. माणूस हात हलवत, खांदे झुलवत चालू लागलं, की तिला वाटतं, निघाल्या बाई, आणि ती ठोके वाढवते. "तुम्ही चालता ते डोक्यावर काठोकाठ भरलेलं भांडं असल्यासारखं. आणि वरून आजोबा धरून ठेवतात. तिला पत्ताच लागत नाही. पाय चालतात, हृदय बसून राहतं. दम लागेल नाही तर काय? मी तिचे कान जरा तिखट करून देतो, पण तुम्ही हलायला पाहिजे. डावा हात वर करा बघू."

हात खांद्यापर्यंतही गेला नाही. मधेच कुठेतरी गंजलेल्या बिजागरीसारखा थांबला, आणि दंडातून मानेत कळ गेली.

"हे कोणी केलं?" गृहस्थाच्या कपाळावरचा चष्मा खाली आला. "हात हलवू नका म्हणून कोणी सांगितलं?"

"तुम्हीच," नाना म्हणाले. "म्हणजे इथल्याच लोकांनी. खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही, डबीच्या तारा निसटतील."

"अहो, ते पहिले काही आठवडे! तारा आत रुजेपर्यंत. आता वर्ष होत आलं."

बाईंनी नानांकडे पाहिलं. नाना पिशवीची चेन लावत होते. ती आधीच लावलेली होती.

टॅक्सीत नाना मशीनबद्दल बोलले, टॅक्सीवाल्याच्या गाडी हाकण्याबद्दल बोलले, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून घ्यावं असं बोलले. हाताबद्दल बोलले नाहीत. बाई काचेतून बाहेर बघत होत्या. फुटपाथवरून माणसं चालत होती, आणि आयुष्यात इतक्या लोकांना चालायला शिकवूनही पहिल्यांदाच बघावं तसं त्या त्यांचे हात बघत होत्या. कोणाचा एक हात खिशात आणि दुसराच दोघांचं काम करत असलेला. कोणाचे मागे बांधलेले. एक लहान मुलगी आईचा हात धरून होती, आणि आई त्या धरलेल्या हातासकट हात झुलवत होती. म्हणजे धरूनही झुलवता येतो, असा एक विचार बाईंच्या मनात आला आणि सिग्नल सुटल्यावर मागे राहिला.

घरात शिरल्यावर त्यांना घर वेगळंच दिसलं. रोजचंच, पण कोणीतरी दिवा लावल्यासारखं. सगळं घर कमरेपर्यंत खाली आलं होतं. कपबशा, मिठाची बरणी, कंगवा, औषधं, रेडिओ, सगळं नानांनी एकेक करून खाली आणून ठेवलं होतं. कपाटांचे वरचे खण रिकामे पडले होते. भिंतींच्या वरच्या अर्ध्या भागात आता कोणी राहत नव्हतं. बाईंचे कपडेसुद्धा समोर बटणं असलेले, डोक्यातून घालायचा एकही नाही. सकाळी नाना बटणं लावत, केस विंचरत. त्यांना भांग नीट पाडता येत नसे, आणि तो वाकडा भांग घेऊन बाई दिवसभर खिडकीपाशी बसत. प्रेमाने केलेलं होतं सगळं. त्यामुळे त्याला धक्का मारायला कुठे जागाच नव्हती. तुरुंगाला निदान दार असतं, त्यावर मुठी आपटता येतात. माणसाच्या तळहातावर काय आपटणार? "मी काय म्हणते," त्या मनात कितीदा सुरू करत, आणि नाना चहाचा कप बशीत नीट मधोमध ठेवून, कान बाईंच्या उजव्या हाताशी येईल असा वळवून आणत. त्यांना आता उजवाच हात होता ना. आणि वाक्य तिथेच विरघळून जाई.

शाळेत मात्र दोघं कडाकडा भांडत. बाई कवायतीच्या आणि नाना बँडमास्तर. तेव्हाचे नाना शिडशिडीत, गळ्यात ड्रम अडकवला की वाऱ्याने मागे झुकल्यासारखे दिसणारे. मुलींची रांग मैदानातून निघे, रांगेच्या पुढे नाना ड्रम वाजवत, आणि कडेने शिट्टी घेऊन बाई. "मास्तर, तुमचा ठोका मागे पडतो," बाई सगळ्यांदेखत म्हणत. "बाई, तुम्ही शिट्टी बघता, मी पाय ऐकतो," नाना तितक्याच मोठ्याने म्हणत. पुढे चालणाऱ्याला मागचं दिसत नाही. त्याला फक्त ऐकू येतं. जमिनीवर पडणाऱ्या पायांवरून नानांना कळे की मागे कोण दमलंय, कुठली ओळ पसरलीय. मग न वळता ते ठोका जरासा सैल करत, आणि ओळ पुन्हा जुळून येई. बाईंना त्याचा राग येई. आपण शिट्टी फुंकून जे करतो ते हा माणूस पाठमोरा राहून करतो. त्या रागाचं पुढे काय झालं ते सगळ्या शाळेला बाईंच्या आधी कळलं होतं. मुली पाठीमागे दोघांना 'शिट्टी-ढमढम' म्हणत.

आणि त्या मैदानावर एक मुलगी होती. तिला सगळ्याजणी 'लाकूड' म्हणत. चालताना तिचा उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे येई आणि डाव्याबरोबर डावा. पूर्ण रांगेत एकटी ती दार उघडल्या-मिटल्यासारखी चाले. संचलन जवळ आलेलं. बाईंनी तिला बाजूला घेतलं, तिचा कोपर स्वतःच्या हातात धरला आणि मैदानभर फिरवलं. "हा मागे, हा पुढे, हा मागे." मुलगी घामाघूम झाली, रडकुंडीला आली आणि शेवटी हातच हलवेना. तो कोपर अजून बाईंच्या तळहातात होता. टणक, थंड, सगळ्या बाजूंनी बंद. नाना दूर झाडाखाली ड्रमची कातडी ताणत बसले होते. तिथून ते ओरडले, "अहो बाई, सोडा तिला! तुमच्या हातामुळे तिला ऐकूच येत नाहीये!" बाई इतक्या चिडल्या की खरंच सोडून निघून गेल्या. त्यानंतर नानांनी काय केलं हे त्यांनी पाहिलं नाही. दूरवरून ड्रम तेवढा ऐकू येत राहिला, बराच वेळ, एकसारखा, अजिबात घाई नसलेला. संचलनाच्या दिवशी लाकूड रांगेत होती, आणि कुठली ती, हे शोधावं लागलं.

खालच्या मजल्यावरच्या वहिनी संध्याकाळी चौकशीला आल्या. "काय म्हणाले मग?"

"हात हलवायला सांगितलंय," बाई म्हणाल्या.

"अगं बाई! आणि तारा तुटल्या म्हणजे? बाई, आता काय शर्यतीत उतरायचंय का तुम्हाला? नशीब म्हणा, नाना असे मिळाले. आमचे हे असते तर मला जिन्यातच ठेवून पेपर वाचत बसले असते."

वहिनी हसल्या. बाईही हसल्या. नाना हसले नाहीत. वहिनींना माहीत नव्हतं, पण त्यांनी नको तिथे बोट ठेवलं होतं.

जिनाच तर होता तो. वर्षापूर्वी लिफ्ट बंद होती, दोघं चालत वर येत होती. नाना पुढे, बाई मागे. नाना कुठल्याशा जुन्या बिगुलवाल्याची गंमत सांगत होते, हातवारे करत, रंगात येऊन. बाईंना आठवतं ते इतकंच, की कठडा एकदम लांब गेला आणि नानांचा आवाज विहिरीतून यावा तसा येऊ लागला. पुढचं नानांनी एकदाच सांगितलं, इस्पितळात, भिंतीकडे बघून. ते बोलतच राहिले होते. वरच्या मजल्यावर पोचून, कुलूप काढून, दार उघडून, आत दिवा लावून, "आणि मग बिगुल वाजायच्या ऐवजी त्यातून काय निघालं असेल?" असं विचारेपर्यंत ते बोलत होते. उत्तर आलं नाही म्हणून वळले, तर मागे रिकामा जिना. आयुष्यभर मागचे पाय ऐकणाऱ्या माणसाला त्या दिवशी थांबलेले पाय ऐकू आले नव्हते. त्यानंतर नाना कधी बाईंच्या पुढे चालले नाहीत. पुढे नाहीत आणि मागेही नाहीत, शेजारी, कोपराला धरून. बाईंना हे सगळं माहीत होतं. म्हणून तर गळ्याशी आलेलं वाक्य खाली जाई. तो हात बाईंना सावरत नव्हताच. बाईच त्या हाताला वर्षभर धरून होत्या. आपण हात सोडवून घेतला तर पडणार कोण, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेळ झाल्यावर नाना चपला घालून आले आणि कोपरापाशी हात नेला. काही झालंच नाही अशा थाटात. बाई उठल्या नाहीत.

"चल ना."

"अहो," त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "ती वरची कडी काढा."

नानांनी काढली. पूर्ण तावदान उघडलं आणि रस्त्याचा आवाज एकदम आत आला. "थंड वाटेल तुला."

"तुम्ही पुढे चाला."

"कुठे?"

"बोळात. तुम्ही पुढे, मी मागे. ठोका धरा. मी हात हलवते."

नाना एक पाऊल मागे सरकले. "शेजारी चालतो. धरत नाही. मग तर झालं?"

"शेजारी असलात की तुम्ही धरणार. मलाही तुमची सवय झालीय. तुम्ही नसलात तरी हात तिथेच राहतो, काल पाहिलंत ना?"

"पुढे नाही." त्यांनी मान हलवली, लहान मुलासारखी, दोन्हीकडे. "काय वाट्टेल ते सांग. पुढे नाही चालणार मी."

"मग मी बसते इथेच. मशीनचं म्हणणं तरी खरं होईल."

रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती दर वेळी घरघरून बंद पडत होती. बाईंना वाटलं, झालं. आपण हे बोलायला नको होतं. आता या वाक्यासकट या खोलीत राहायचं, दोघांनी, खाली आणलेल्या कपबशांमध्ये. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "ते लाकूड आठवतं तुम्हाला?"

नानांनी वर पाहिलं.

"तुम्ही काय केलं होतं तिला? मी निघून गेल्यावर?"

"काही नाही," नाना म्हणाले. "पुढे चाललो. वळून बघायचं नाही असं तिच्यासमोर कबूल केलं. कोणी बघत नाही म्हटल्यावर..." ते थांबले. त्यांचे ओठ काहीतरी चावल्यासारखे हलले. मग ते स्वयंपाकघरात गेले. तिथे भांड्यांची उलथापालथ ऐकू आली, आणि ते चहाचा पत्र्याचा ट्रे आणि दोन लाकडी चमचे घेऊन बाहेर आले. ट्रेच्या कानांतून त्यांनी बाईंच्या जुन्या गाऊनचा पट्टा ओवला आणि गळ्यात अडकवला. "हसायचं नाही," ते म्हणाले.

बोळात नाना पुढे उभे राहिले, बाईंकडे पाठ करून. त्यांची मान किती बारीक झालीय हे बाईंनी इतक्या दिवसांत पाहिलंच नव्हतं. शेजारी चालणाऱ्याची मान दिसत नाही. चमचे ट्रेवर पडले. ढप, ढप, ढप, ढप. पत्र्याचा भिकार आवाज, पण ठोका तोच, अजिबात घाई नसलेला. नाना निघाले. बाई निघाल्या. उजवा हात लगेच हलला. डावा पोटाशीच. त्यांनी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि नानांच्या मानेकडे बघितलं. कळ आली, दंडातून वर. त्यांनी ती येऊ दिली. ढप, ढप. हात बरगडीपासून सुटला, जरासा, बोटभर, मग पुन्हा आत पळाला, मग पुन्हा सुटला. वर्षभर बगलेत कोंडलेली हवा तिथून निघाल्यासारखं वाटलं. एक दार उघडलं आणि शेजारची कोणीतरी डोकावली. "काय झालं? काय वाजतंय?"

"सराव," नाना पुढे बघत म्हणाले आणि चालत राहिले.

पहिलं वळण आलं. दम लागला, तो रोजचाच. छातीतलं दार लागायला आलं. पायांत शिसं. थांबा, असं बाईंच्या ओठांवर आलं. ते शब्द निघते तर नाना वळले असते, धावत आले असते, आणि कोपर पुन्हा कायमचा त्यांच्या हातात गेला असता. बाईंनी ओठ मिटून घेतले. भीती त्यांनाही होतीच. हे सगळं खोटं असेल तर? तो चष्मेवाला चुकला असेल तर? नानांच्या पाठीमागे, त्यांच्या नकळत, पुन्हा एकदा? त्याच क्षणी पुढचा ठोका अगदी थोडा सैल झाला. नानांनी ऐकलं होतं. वळले नाहीत, फक्त ठोका सैल केला. बाईंनी डावा हात मुद्दाम जोरात मागे फेकला. कळ डोळ्यांपर्यंत आली. आणि मग, खूप मागे राहिलेली एखादी मुलगी रांग गाठायला पळत यावी तसं काहीतरी छातीत पळत आलं. आलं आणि ओळीत शिरलं. कानांतली शीळ थांबली. तळपायांना जमीन लागली. मानेवर, केसांखाली, काहीतरी ओलं झालं.

बोळ संपला. पुढे भिंत होती आणि भिंतीत बंद खिडकी. नाना भिंतीसमोर थांबले. चमचे हवेतच राहिले. ते वळले नाहीत, पण त्यांच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या होत्या, आणि गळ्यातला पट्टा थरथरत होता.

"आहेस ना?" त्यांनी भिंतीला विचारलं.

बाईंना बोलायला श्वास नव्हता. त्यांनी डावा पाय उचलला आणि जमिनीवर आपटला, मग उजवा. एक, दोन. मैदानावर पथक थांबायचं तसं.

नानांचे खांदे खाली आले. तरी ते वळले नाहीत. कबूल केलं होतं ना. ट्रे गळ्यात घेऊन, भिंतीकडे तोंड करून ते तसेच उभे राहिले. त्यांच्या मागे बाई उभ्या होत्या, दोन्ही हात दोन्ही बाजूंना सोडून. पाय थांबले होते, ठोका थांबला होता, बोळ शांत होता. पण आतल्या त्या डबीला अजून कोणी थांबायला सांगितलं नव्हतं. छातीत अजून सगळी रांग चाललेलीच होती.